चिकन कोरमा

कोंबडीचे तुकडे दह्यात मुरवून, काजू-बदामाच्या वाटणात मंद आचेवर शिजवलेला दाट, सौम्य, फिक्या रंगाचा रस्सा. मूळ पदार्थ मटणाचाही असतो. मुंबईतल्या घरांत तो बहुतेक वेळा कोंबडीचा होतो. कोरमा आणि कुर्मा ही एकाच शब्दाची दोन रूपे असली, तरी मुंबईच्या बोलण्यात त्यांचे अर्थ बरेचसे वेगळे झाले आहेत. उडुपी हॉटेलात पुरी किंवा परोट्याबरोबर येतो तो भाज्यांचा कुर्मा. त्यात ओला नारळ आणि बडीशेप असते. त्याचे घराणे दक्षिणेकडचे, या नोंदीतल्या कोरम्याचे उत्तरेकडचे.

शब्द तुर्की आहे. ‘कावुर्मा’ म्हणजे परतलेले, भाजलेले. इराणमधल्या ‘गोर्मे सब्जी’ या मांस-पालेभाजीच्या पदार्थातला ‘गोर्मे’ही त्याच मुळाचा. हिंदुस्थानात मुघलाई स्वयंपाकात हे परतलेले मांस दह्यात मुरू लागले आणि दिल्ली, लखनौ, हैदराबाद इथे त्याची वेगवेगळी वळणे तयार झाली. काजू मात्र या वंशात उशिरा आला. हे झाड ब्राझीलचे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आणले आणि ‘काजू’ हे नावही त्यांच्याच भाषेतून आपल्याकडे आले. जुन्या दिल्लीच्या वळणाचा कोरमा तळलेल्या कांद्याने तांबूस झालेला असतो आणि त्यात मेवा बेताचाच असतो. मुंबईकर ज्याला कोरमा म्हणून ओळखतात, तो पांढरा आणि काजूने दाट झालेला प्रकार हॉटेलांतल्या ‘व्हाइट ग्रेव्ही’च्या जवळचा आहे.

मराठी स्वयंपाकघरात हा पदार्थ सहज रुजला, कारण रस्सा वाटणावर उभा करायचा ही सवय आपल्याकडे आधीपासून आहे. पण इथेच पहिल्यांदा करणाऱ्याचा हात चुकतो. मालवणी किंवा कोल्हापुरी वाटणात खोबरे आणि कांदा तपकिरी होईपर्यंत भाजतात, कारण त्या रश्शाची चव भाजण्यातच असते. कोरम्याचे मेव्याचे वाटण अजिबात भाजायचे नाही. काजू जरा लालसर झाले, तरी रंग जातो आणि खमंगपणा वेलची-जायपत्रीच्या वासावर चढून बसतो.

सगळ्या मेव्याचा गुण सारखा नसतो. काजूत तेल भरपूर असतेच, शिवाय स्टार्चही बऱ्यापैकी असतो. उकळताना तो फुगतो आणि रस्सा गुळगुळीत, दाट होतो. बदामात स्टार्च फार थोडा. त्यामुळे नुसत्या बदामाचा रस्सा किंचित रवाळ राहतो, पण वास सुरेख येतो. काजू दोन भाग आणि बदाम एक भाग हे प्रमाण घरासाठी उत्तम. मगज (कलिंगड-खरबुजाच्या सोललेल्या बिया) घातले तर खर्च कमी होतो आणि रंग पांढराच राहतो. शेंगदाणे घालू नयेत. त्यांची चव बाकीच्या सगळ्यावर मात करते. वाटणासाठी अख्खा काजू घेण्याची गरज नाही. मशीद बंदरला किंवा क्रॉफर्ड मार्केटमध्ये (म्हणजे १८६९ साली बांधून झालेल्या आजच्या महात्मा जोतिबा फुले मंडईत) मिळणारा तुकडा काजू स्वस्त पडतो आणि वाटल्यावर दोन्हींत काहीच फरक राहत नाही. उन्हाळ्यात कोकणातून येणारे ओले काजूगर उसळीचे. ते इथे उपयोगाचे नाहीत.

काजू कोमट पाण्यात अर्धा तास भिजवावेत. बदाम गरम पाण्यात टाकून सोलून घ्यावेत. खसखस भिजवली तरी मिक्सरमध्ये नीट वाटली जात नाही, म्हणून ती आधी कोरडीच फिरवून मग भिजवावी. वाटण गंधासारखे मऊ झाले पाहिजे. बोटांत कणी लागली, तर ती जिभेलाही लागणारच. मुंबईहून परदेशी असलेल्या मुलांना मसाले पाठवणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे : संयुक्त अरब अमिराती आणि सिंगापूर इथे खसखस नेण्यास बंदी आहे.

कांद्याच्या दोन वाटा आहेत. पांढऱ्या कोरम्यासाठी कांदा थोड्या पाण्यात उकडून, निथळून वाटतात. तांबूस कोरम्यासाठी उभा पातळ चिरून सोनेरी तळतात, कागदावर पसरून कुरकुरीत होऊ देतात आणि हाताने चुरतात. हा बिरिस्ता. तो तेलातून एक रंग आधीच काढावा, कारण बाहेर काढल्यावरही त्याचा रंग चढतच राहतो. करपला तर सगळा रस्सा कडवट. पावसाळ्यात मुंबईच्या हवेत तो तासाभरात सादळतो, म्हणून तळल्याबरोबर घट्ट झाकणाच्या डब्यात भरतात.

दही फाटणे हा सगळ्यात मोठा धोका. आंबटपणा आणि आच एकत्र आली की दह्यातली प्रथिने आकसून गोळा होतात, पाणी वेगळे होते. मुंबईच्या उकाड्यात दही लवकर आंबते, त्यामुळे कालचे दही कढीला ठेवून कोरम्याला ताजे, सायीचे घ्यावे. ते घुसळून त्यात मेव्याचे वाटण आधीच मिसळावे. वाटणातला स्टार्च आणि तेल प्रथिनांच्या मध्ये येतात आणि गोळे होऊ देत नाहीत. भांड्याखालची आच अगदी बारीक करून मग हे मिश्रण घालावे आणि उकळी फुटेपर्यंत ढवळणे थांबवू नये.

एक किलो हाडासकटच्या कोंबडीला एक वाटी दही, तीन मध्यम कांदे, वीसेक काजू, दहा बदाम आणि चमचाभर खसखस पुरते. तुकडे आले-लसूण, मीठ आणि थोड्या दह्यात तासभर मुरवावेत. तुपात हिरवी वेलची, लवंग, दालचिनी, तमालपत्र टाकून तुकडे रंग न चढवता परतावेत. मग कांदा, दही, वाटण. तिखटपणा हिरव्या मिरचीचा आणि पांढऱ्या मिरीचा. हळद आणि लाल तिखट पांढऱ्या प्रकारात नाहीच. सौम्य म्हणजे बिनमसाल्याचा, असा समज आहे आणि त्यापायी पुष्कळ घरांत कोरमा गोडसर, बेचव होतो. यात खडा मसाला कमी नसतो, मिरची कमी असते. वाटण बुडाला पटकन लागते, त्यामुळे झाकण ठेवल्यावर भांड्याखाली तवा सरकवावा. ब्रॉयलर कोंबडी अर्ध्या तासात शिजते, गावठीला याहून बराच जास्त वेळ लागतो. कडेने तूप सुटले की जायपत्री-जायफळाची पूड, दोन थेंब केवडा आणि हवी तर साय घालून उतरवावा.

गटारीला मराठी घरांत झणझणीत रस्साच लागतो. कोरम्याची आठवण होते ती लहान मुलांच्या वाढदिवसाला, किंवा तिखट सोसत नसलेले आजी-आजोबा पंगतीला असले की. जोडीला नान, रुमाली रोटी, जिरा राइस. लादी पावही चांगला लागतो. तांदळाची भाकरी मात्र तिखट रश्शाचीच जोडीदार आहे. पाहुण्यांना वाढण्यापूर्वी त्यात मेवा आहे हे सांगावे. काजू-बदामाची ॲलर्जी जिवावर बेतू शकते आणि वाटून घातलेला मेवा नजरेला दिसत नाही.

उरलेला कोरमा गार झाला की लगेच फ्रिजमध्ये ठेवावा. दुसऱ्या दिवशी तो थिजून घट्ट झालेला असतो. गरम पाण्याने किंवा गरम दुधाने सैल करून, बारीक आचेवर ढवळत तापवावा. त्या दिवशी मसाला कोंबडीच्या हाडापर्यंत पोचलेला असतो.