सोलापुरात पाणी शंभरला उकळतच नाही

एका ग्रुपवर व्हिडिओ फिरतोय. चुंबकाच्या नळीतून काढलेलं पाणी, त्यात थर्मामीटर, पाणी खळखळ उकळतंय आणि पारा ९८ च्या जरासा वर जाऊन थांबलाय. म्हणे पाण्याची रचनाच बदलली, म्हणून ते शंभरच्या आधी उकळलं. खाली सगळ्यांचे हात जोडलेले. अहो, पण शेजारी साधं नळाचं पाणी ठेवून बघायचं की! सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंच, इथे हवेचा दाब समुद्रसपाटीसारखा पाऱ्याचे ७६० मिलिमीटर नाही तर ७२० च्या आसपास, आणि तेवढ्या दाबाला पाणी उजनी धरणाचं असो की हिप्परगा तलावाचं, साडेअठ्ठ्याण्णवच्या आसपासच उकळणार. चुंबकाचं मशीन विकणाऱ्याला फुकटात पुरावा मिळाला, बाकी काही नाही.

द्रवाचा बाष्पदाब, म्हणजे त्याच्या वाफेचा दाब, बाहेरच्या दाबाइतका झाला की तो उत्कलन बिंदू, हे शाळेत झालंय. पण 'इतका झाला' हे दिसणार कसं? बुडबुडे आले म्हणजे उकळलं असं नसतं, आधीचे बुडबुडे विरघळलेल्या हवेचे असतात. आणि उलटंही होतं, तापमान उत्कलन बिंदूच्या वर गेलं तरी द्रव गप्प बसतो, कारण नवा बुडबुडा इवलासा असतो आणि पृष्ठताण त्याला दाबून टाकतो. पाण्यात एक मायक्रॉन त्रिज्येचा बुडबुडा टिकायचा तर आतला दाब बाहेरच्यापेक्षा एक वातावरणाहून जास्त लागतो. मग असा तापलेला द्रव एकदम उसळी मारतो, म्हणून तर डिस्टिलेशनच्या (ऊर्ध्वपातनाच्या) फ्लास्कमध्ये बुडबुड्यांना सुरुवात करायला पोर्सलिनचे तुकडे टाकतात.

यावर १८८६ साली सिवोलोबॉफ या रसायनशास्त्रज्ञाने काढलेली युक्ती मला फार आवडते, बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला अजून तीच करतात. फ्युजन ट्यूबमध्ये, म्हणजे काचेच्या छोट्या नळीत, द्रवाचे चार-पाच थेंब, त्यात एक टोक बर्नरवर बंद केलेली कॅपिलरी (केसासारखी बारीक नळी), उघडं तोंड खाली. ट्यूब थर्मामीटरच्या बल्बला लागून बांधायची, थीले ट्यूब नावाच्या बाजूला हँडल असलेल्या काचेच्या नळीतल्या लिक्विड पॅराफिन तेलात सोडायची आणि हळूहळू तापवायचं. आधी कॅपिलरीतली हवा प्रसरण पावून एक-एक बुडबुडा निघतो, तो आकडा लिहायचा नाही. मग सलग माळ लागते, म्हणजे आतली हवा गेली, आता नुसती वाफ. इथे बर्नर बाजूला करायचा. माळ विरळ होते, थांबते, आणि द्रव कॅपिलरीत सरकन वर चढतो, तेव्हाचं तापमान घ्यायचं, कारण वाफेचा दाब हवेच्या दाबाला आत्ता कुठे कमी पडायला लागलाय. वाफ आधीच हजर असल्यामुळे नवा बुडबुडा जन्माला घालायची भानगडच नाही, म्हणून तापवताना नाही तर थंड होताना वाचायचं.

एवढं करून आकडा पुस्तकाशी जुळला म्हणजे पदार्थ शुद्ध, असंही नाही हं. अल्कोहोल ७८.४ ला उकळतं आणि वजनाने ४ टक्क्यांच्या वर पाणी असलेलं अल्कोहोल ७८.२ ला, आपल्या एक-एक अंशाच्या खुणांच्या थर्मामीटरवर दोघांत फरक काय दिसणार!

प्रॅक्टिकलला दिल्या जाणाऱ्या टोल्यूइन या द्रवाचा पुस्तकी आकडा ११०.६, सोलापुरात तो १०९ च्या आसपास यायला पाहिजे. पण पोरांची प्रॅक्टिकलची जर्नलं उघडा, दाबाच्या करेक्शनचा पत्ता नाही आणि पानोपानी ११०.६. त्या थर्मामीटरवर पॉइंट सहा वाचलं कुठे, ते पोरांनाच विचारा.