युद्धकैदी शेतमजूर म्हणून कसे मिळायचे? अमेरिका १९४४ : अर्ज, अटी आणि अडकणारे कागद

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत जर्मन कैदी शेतात राबत होते हे बऱ्याच जणांना माहिती असतं, पण विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतं, शेतकरी कॅम्पवर जायचा आणि फुकटात चार माणसं गाडीत घालून आणायचा. असं अजिबात नव्हतं. मी गावात लोकांचे अर्ज भरून देतो, एका दाखल्यापायी माणसं किती हेलपाटे मारतात ते रोज बघतो, त्यामुळे हे सगळं वाचताना मला त्या शेतकऱ्यांची अडचण लगेच कळली.

आधी थोडक्यात. मे १९४३ मध्ये ट्युनिशियात जर्मन आणि इटालियन फौजा शरण आल्या, कैदी जहाजं भरभरून अमेरिकेत आले, इकडे शेतातली पोरं सैन्यात किंवा कारखान्यात गेलेली. आयोवातलं अल्गोना हे असंच छोटं गाव, तिथे एप्रिल १९४४ मध्ये मोठा कॅम्प सुरू झाला आणि आजूबाजूच्या राज्यांत त्याचे छोटे उपकॅम्प निघाले. मिनेसोटातल्या मूरहेडचा त्यातलाच, तिथे कैद्यांना चक्क कांद्याच्या वखारीत ठेवलं होतं.

अर्ज काउंटी एजंटकडे, म्हणजे आपल्याकडच्या तालुका कृषी अधिकाऱ्यासारखा माणूस समजा. तिथून वर, मग लष्कराकडे, शेवटी करार. एवढंच.

आता खरी अडचण. मुख्य कागद होता गरजेचा दाखला. त्यात लिहून यायला लागायचं की या भागात हे काम करायला मोकळा मजूर मिळत नाही, आणि इथला चालू मजुरीदर अमुक आहे. आता मला सांगा, मजूर नाही हे सिद्ध कसं करणार? जे नाही त्याचा पुरावा कुठून आणायचा? आपल्याकडे उत्पन्न नाही याचा दाखला मागतात तेव्हा जसं होतं तसंच हे. पण या अटीमागचं कारण बरोबर होतं, नाहीतर कैद्यांमुळे गावातल्याच मजुराचा रोज पडला असता, आणि मजूर संघटनांना तीच भीती होती.

दुसरा घोळ पैशांचा. कैद्याला दिवसाला ८० सेंट मिळतात हे ऐकून शेतकऱ्याला वाटायचं आपल्याला तेवढ्यातच पडणार. नाही! शेतकऱ्याने सरकारला चालू दरानेच पैसे भरायचे. मूरहेडला तासाला ४० सेंट दर होता, म्हणजे आठ तासांचे ३ डॉलर २० सेंट झाले, त्यातले कैद्याला ८० सेंट आणि तेही रोख नाही तर कॅन्टीनची कुपनं, म्हणजे सिगारेट, साबण असलं काहीतरी घेता येईल, पळून जायला उपयोग नाही. बाकीचे सरकारजमा. उक्त्या कामात कैद्याला दिवसाला १ डॉलर २० सेंटपर्यंत मिळू शकायचे.

छोट्या शेतकऱ्याने एक लक्षात घ्यायचं, दोनच माणसं द्या म्हटलं तर सहसा जमायचं नाही, कारण टोळीबरोबर पहारेकरी लागायचा. मग शेजारच्यांनी मिळून संघ करायचा आणि एकत्र मागणी करायची. आणि तण गुडघ्याला लागल्यावर अर्ज करून काही उपयोग नाही, कागद वरपर्यंत जाऊन यायला वेळ लागतो, तण काही तुमच्या सहीसाठी थांबत नाही.

आता कैद्याच्या बाजूची पात्रता, हे कोणी सांगतच नाही. १९२९ च्या जिनिव्हा करारानुसार साध्या शिपायाला काम लावता यायचं, हवालदार वगैरे दर्जाच्या माणसाला फक्त देखरेखीचं, आणि अधिकाऱ्याला सक्ती नव्हतीच. साहजिकच बरेच जण म्हणायला लागले आम्ही हवालदार. १९४५ मध्ये लष्कराने पुरावा मागायला सुरुवात केली, म्हणजे जर्मन सैनिकाचं पगारपुस्तक, ज्यात त्याचा हुद्दा लिहिलेला असायचा. आता ते कुठून आणणार? पकडले गेले तेव्हा कोणाचं हरवलं, कोणाचं अमेरिकन शिपायाने आठवण म्हणून खिशात घातलं. ज्या सैन्याने कागद काढून घेतला तेच सैन्य कागद दाखव म्हणतं, आणि नाही दाखवला तर साधा शिपाई धरून कामावर. काही खोटं बोलत असतील, पण जे खरंच हवालदार होते त्यांनी काय करायचं? मला हे अजिबात पटत नाही.

शेवटची चूक तारखेची. मे १९४५ मध्ये जर्मनी शरण आली म्हणजे कैदी गेले असं समजू नका. त्या वर्षीचं पीकही त्यांनीच काढलं. १९४६ च्या सुरुवातीला तर शेतीच्या कामासाठी काहींची परतपाठवणी लांबवली गेली, बहुतेक जण जुलै १९४६ पर्यंत अमेरिकेतून निघाले. लांबवण्याची मागणी शेतकऱ्याला करता यायची. ज्याची घरची वाट लांबली त्याने अर्ज कुठे करायचा, त्याला मात्र काउंटी एजंट नव्हता.