नस बधिर झाली की नस तुंबली?

“नसा कमजोर झाल्यात बहुतेक.” मधुमेह असलेल्या माणसाचे पाय कुरकुरू लागले की घरात हे वाक्य येतंच. गोंधळ इथूनच सुरू होतो, कारण संवेदना पोचवणाऱ्या मज्जातंतूलाही आपण नस म्हणतो आणि रक्त नेणाऱ्या धमनीलाही. मधुमेहात दोन्ही बिघडतात, पण ती दुखणी वेगवेगळी आहेत.

मज्जातंतूंचं दुखणं बहुधा दोन्ही पायांत सारखंच असतं आणि बोटांकडून वर चढतं, मोजा घातल्यासारखं. मुंग्या, तळपायाची आग, रात्री पांघरुणाचा स्पर्शही नकोसा. पुढे बधिरपणा येतो आणि चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. पाय मात्र गरम असतो, नाडी लागते. जखम होते ती तळव्यावर, जिथे भार पडतो तिथे, आणि ती दुखत नाही.

धमनी अरुंद झाली की तक्रार चालताना सुरू होते. ठरावीक अंतर गेलं की पोटरी भरून येते, उभं राहिलं की काही मिनिटांत मोकळी होते. मग माणूस थांबायच्या जागाच ठरवून टाकतो. त्यातली एक बरेचदा पानटपरी असते, आणि तिथे विडी पेटते! पाय गार पडतो, त्यावरचे केस झडतात, कातडी चकचकीत दिसते. जखम बोटांच्या टोकाला किंवा टाचेला होते.

खरी फसगत रात्रीची. आग होणारे तंतूही रात्रीच छळतात आणि धमनी फारच तुंबली की तिचं दुखणंही रात्रीच जागं करतं. अशा वेळी माणूस काय करतो ते पाहावं. रक्त कमी पडणारा पाय पलंगाखाली लोंबकळत सोडला की बरं वाटतं, कारण उतारामुळे थोडं रक्त खाली उतरतं. तोच पाय वर उचलून धरला तर पांढरा पडतो. आग होणाऱ्या पायाला लोंबकळण्याने असा आराम सहसा मिळत नाही. म्हणून रक्त कमी पडणारे कित्येक जण पाय खाली सोडून खुर्चीत बसूनच झोपू लागतात आणि घरचे म्हणतात, वयामुळे झोप कमी झाली.

आता तंबाखू. धुराचं नातं धमनीशी अगदी पक्कं आहे. निकोटिन रक्तवाहिनी आकसवतं, धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातली प्राणवायूची जागा बळकावतो, आतलं अस्तर खराब होतं आणि गुठळी लवकर धरते. त्यात एक बारीक फरक आहे. धूम्रपानाने बहुधा मांडीच्या आणि त्यावरच्या मोठ्या धमन्या तुंबतात, मधुमेहाने गुडघ्याखालच्या. दोन्ही असतील तर वरचा नळही अर्धा बंद आणि खालचाही. महाराष्ट्रात मात्र धुरापेक्षा चुना-तंबाखू आणि मिश्रीच जास्त. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत इथल्या सुमारे २४ टक्के प्रौढांकडे धूरविरहित तंबाखू आढळली, ओढणारे ४ टक्क्यांच्या आसपास. मिश्रीत धूर नाही, निकोटिन आहेच. “तंबाखू खाता का?” असं विचारलं तर मिश्री लावणारी बाई खुशाल “नाही” म्हणते, कारण तिच्या लेखी ते दात घासणं. मला वाटतं, डॉक्टरांनी प्रश्नच बदलायला हवा.

दोन्ही आजार एकाच पायात असले तर बधिरपणा पोटरीचं दुखणंच झाकून टाकतो. “पाय दुखायचा थांबला” हे ऐकून म्हणूनच आनंद मानू नये. दुखणं गेलं असेल, रक्त आलेलं नसेल.

तपासण्याही दोन. स्पर्शासाठी १० ग्रॅमचा नायलॉनचा धागा तळव्यावर टेकवतात. रक्तासाठी घोट्याचा रक्तदाब भागिले दंडाचा रक्तदाब, भागाकार ०.९ किंवा कमी आला तर धमनी अरुंद आहे. पण मधुमेहात धमनीच्या भिंतीत कॅल्शियम साचून ती कडक होते, पट्ट्याने दबत नाही आणि आकडा खोटाच चांगला दिसतो. १.४च्या वर गेला तर खूश न होता पायाच्या अंगठ्यातला दाब मोजून घ्यावा.

घरी नाडी चाचपायची तर पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठ्याच्या रेषेत. काही धडधाकट माणसांनाही ती तिथे लागत नाही, म्हणून घोट्याच्या आतल्या हाडामागेही बोटं ठेवून पाहावीत. दोन्हीकडे काहीच लागलं नाही, तर नसांच्या गोळ्या मागण्याआधी रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांकडे जावं.