अल्झायमरचं खापर कढईवर नको

ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर ‘अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांमुळे अल्झायमर (स्मृती हळूहळू पुसणारा मेंदूचा आजार) होतो’ हा मेसेज अधूनमधून फिरतोच. मूळ जुनं आहे. १९६५मध्ये सशांच्या मेंदूत अ‍ॅल्युमिनियमचे क्षार टोचल्यावर चेतापेशींत तंतूंचे गुंते दिसले, तसे अल्झायमरमध्येही असतात. पण ते अल्झायमरमधल्या गुंत्यांहून वेगळे निघाले. भांड्यांचा संबंध पुढेही सिद्ध झाला नाही. जांभळी नाक्यावरून स्टीलची कढई आणा खुशाल, हौस म्हणून!

आजोबा तोच प्रश्न पुन्हापुन्हा विचारत असतील, तलावपाळीचा रोजचा रस्ता चुकत असतील, तर डॉक्टरांकडे न्या. कधीकधी बी-१२ किंवा थायरॉइडची कमतरता निघते, ती औषधांनी भरून येते. अल्झायमरच निघाला, तर ‘आत्ताच सांगितलं ना!’ म्हणून खेकसू नका. आणि सगळं सुनेवर टाकू नका. तिलाही आठवड्यातून एखादी दुपार मोकळी हवी. ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन: १४५६७.