1947 साली एक रुपया म्हणजे एक डॉलर होता का?

‘स्वातंत्र्याच्या वेळी रुपया डॉलरच्या बरोबरीचा होता, म्हणजे तेव्हा भारत अमेरिकेइतका बलवान होता,’ असा मेसेज वर्षानुवर्षे फिरतो आहे. वाचून अभिमान वाटणं साहजिक आहे, पण हिशेब जुळत नाही.

तेव्हा रुपया पौंडाला बांधलेला होता: 1 रुपया म्हणजे 1 शिलिंग 6 पेन्स, म्हणजेच 18 पेन्स. पौंडात 240 पेन्स. 240 भागिले 18, म्हणजे एका पौंडाला 13.33 रुपये. पौंडाचा भाव 4.03 डॉलर होता. 13.33 ला 4.03 ने भागा: डॉलर सुमारे 3.31 रुपयांना पडत होता. सप्टेंबर 1949 मध्ये पौंड 2.80 डॉलरवर आला, रुपयाही सोबत घसरला आणि डॉलर 4.76 रुपयांचा झाला. 1966 च्या अवमूल्यनानंतर तो 7.50 वर गेला.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे, नुसत्या विनिमय दरावरून देशाची ताकद कळतच नाही. कुवेतचा एक दिनार तीन डॉलरहून महाग आहे, तर एका डॉलरला शंभराहून जास्त जपानी येन मिळतात. म्हणून कुवेतची अर्थव्यवस्था जपानपेक्षा मोठी ठरत नाही. तुलना करायचीच तर एकूण उत्पादन, दरडोई उत्पन्न आणि क्रयशक्ती एकत्र पाहावी.