हळदीचं पेटंट रद्द झालं, पण सिद्ध काय झालं?

“हळद जंतुनाशक आहे, हे अमेरिकेनंसुद्धा मान्य केलं,” असं आपण वर्षानुवर्षं एकमेकांना सांगत आलोय. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआर या भारत सरकारच्या संशोधन संस्थेने हळदीच्या अमेरिकी पेटंटविरुद्धची लढाई जिंकली, हे खरं आणि अभिमानाचंच. पण जखम भरण्यासाठी हळद वापरण्यावर १९९५ मध्ये अमेरिकेत दिलेलं ते पेटंट १९९७ मध्ये रद्द झालं, ते हळद गुणकारी ठरली म्हणून नव्हे. जखमेवर हळद लावणं ही नवी गोष्ट नाही, भारतात ती पूर्वापार ठाऊक आहे, एवढंच जुन्या लेखी पुराव्यांनी दाखवलं गेलं. हळद किती जंतू मारते, हा प्रश्न तिथं नव्हताच.

त्या प्रश्नाचं उत्तर प्रयोगशाळेत मिळतं. काचेच्या बशीत कुरक्युमिन, म्हणजे हळदीतलं पिवळं द्रव्य, काही जंतूंची वाढ रोखतं, यात वाद नाही. पण हळद पुडीत ते असतं जेमतेम तीन टक्के. पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आतड्यातून फार थोडं शोषलं जातं, आणि तेवढ्याचंही शरीर झटपट रूपांतर करून टाकतं. बशीतली मात्रा रक्तात पोचतच नाही. त्यामुळे डॉक्टरांनी दिलेली अँटिबायोटिकं सोडून हळदीच्या दुधावर भिस्त ठेवणं धोक्याचं आहे. घसा शेकायला ते जरूर प्यावं, मीही पिते.

आणि जखम? हळद जमिनीतला कंद. मातीतल्या जंतूंचे बीजाणू वाळवून दळल्यावरही टिकू शकतात, म्हणजे डब्यातली हळद निर्जंतुक नसते. कापलं तर आधी वाहत्या स्वच्छ पाण्याने धुवा, जखम खोल असेल तर धनुर्वाताच्या इंजेक्शनचं डॉक्टरांना विचारा.