पोतं बदलणं आणि दळून आणणं: व्हिडिओच्या दोन ‘कन्व्हर्ट’मधला फरक

आमच्या अंबाजोगाईकडे सप्ताह उठला की घरोघरी एकच मागणी असते: “दादा, काल्याचं कीर्तन मोबाईलवर लागंल असं करून दे की.” शूटिंग जुन्या कॅमेऱ्यावर झालेलं असतं. फाइल निघते एमटीएस. मोबाईलवर ती एक तर उघडत नाही, नाहीतर चित्र दिसतं आणि आवाज गायब. मग कुणीतरी ती ‘कन्व्हर्ट’ करून आणतं. या एका शब्दाखाली दोन वेगळी कामं आहेत. ती एकच समजल्यामुळे चांगली रेकॉर्डिंगं कायमची बिघडलेली मी पाहिली आहेत, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

ज्वारी पोत्यातून कणगीत ओतली तर दाणा तोच राहतो. दळून आणली तर पीठ होतं, आणि पिठाची पुन्हा ज्वारी होत नाही.

एमटीएस, एमपी४, एमकेव्ही, एव्हीआय ही पोती आहेत. त्यांना कंटेनर म्हणतात. आतलं चित्र आणि आवाज कोणत्या पद्धतीनं दाबून भरलाय, ते कोडेकवरून ठरतं. चित्रासाठी एच.२६४, एमपेग-२, व्हीपी९. आवाजासाठी एएसी, एसी-३, एमपी३, ओपस. नुसतं पोतं बदललं तर ते रीमक्स. आतला माल उलगडून नव्यानं दाबला तर ते ट्रान्सकोड. फाइलच्या नावापुढचं एमटीएस खोडून एमपी४ लिहिणं म्हणजे यातलं काहीच नाही, ती पोत्यावरची चिठ्ठी बदलली एवढंच.

दोन्ही कामं एफएफएमपेग करतं. फॅब्रिस बेलार यांनी २००० साली सुरू केलेलं हे साधन मोफत आहे. त्याला बटणं नाहीत, टर्मिनलमध्ये, म्हणजे संगणकाच्या आज्ञा लिहायच्या खिडकीत, आज्ञा टाइप करायची. खाली मी आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी अक्षरं आणि आकडे वापरा. पहिल्यांदा पोत्यात काय आहे ते बघायचं, एफएफएमपेगबरोबरच येणाऱ्या एफएफप्रोबनं:

एफएफप्रोब कीर्तन.एमटीएस

या कॅमेऱ्यांची पद्धत एव्हीसीएचडी. ती सोनी आणि पॅनासॉनिकनं २००६ मध्ये आणली. तिच्यात चित्र एच.२६४ असतं आणि आवाज बहुतेक वेळा एसी-३. एच.२६४ जवळजवळ कुठलाही मोबाईल चालवतो. अडतं ते पोत्यापाशी आणि एसी-३ पाशी. म्हणजे चित्राला हात लावायचं कारणच नाही:

एफएफएमपेग -आय कीर्तन.एमटीएस -सी:व्ही कॉपी -सी:ए एएसी -बी:ए १९२के कीर्तन.एमपी४

‘-आय’ नंतर मूळ फाइल, शेवटी नवी. ‘-सी:व्ही कॉपी’ म्हणजे चित्र जसंच्या तसं उचल. ‘-सी:ए एएसी’ म्हणजे आवाज तेवढा नव्यानं दाब, सेकंदाला १९२ किलोबिट देऊन. इथं पीठ फक्त आवाजाचं झालं. आवाज आधीच एएसी असेल तर दोन्हींसाठी मिळून ‘-सी कॉपी’ एवढंच पुरतं.

दोन तासांच्या कीर्तनाला ‘कॉपी’नं काही मिनिटंही पुरतात, कारण काम फक्त डिस्कचं असतं. तेच चित्र ट्रान्सकोड करायला जुन्या लॅपटॉपला कीर्तनापेक्षा जास्त वेळ लागू शकतो. मधेच लाइट गेली आणि बॅटरी उतरली की पहिल्यापासून सुरू. आमच्याकडे ही लहान गोष्ट नाही. पण माझा खरा जीव तुटतो तो दर्जासाठी. कॅमेऱ्यानं साठवतानाच बारकावे एकदा गाळलेले असतात. दर ट्रान्सकोडला आणखी गळतात. आवाज फार कमी बिटरेटवर, म्हणजे सेकंदाला फार कमी किलोबिट देऊन, दाबला की सगळ्यात आधी टाळांची किणकिण चिरडते.

तरी काही वेळा दळावंच लागतं. एव्हीसीएचडीचं बरंचसं शूटिंग इंटरलेस्ड असतं: दर फ्रेम दोन अर्ध्या चित्रांची. संगणकावर बुवांचा हात हलला की कडेला कंगव्याचे दाते दिसतात. ते काढायचे तर चित्र नव्यानं बनवण्याशिवाय मार्ग नाही:

एफएफएमपेग -आय कीर्तन.एमटीएस -व्हीएफ याडिफ -सी:व्ही लिबएक्स२६४ -सीआरएफ २० -सी:ए एएसी -बी:ए १९२के कीर्तन-नवं.एमपी४

‘-व्हीएफ याडिफ’ ते दाते काढतं, ‘लिबएक्स२६४’ चित्र पुन्हा एच.२६४ मध्ये दाबतं. सीआरएफचा आकडा लहान तेवढा दर्जा चांगला आणि फाइल मोठी. काहीच लिहिलं नाही तर २३ धरला जातो. जपून ठेवायच्या प्रतीसाठी मी १८ ते २० घेतो. फाइल लहानच करायची असेल, तरी ट्रान्सकोडच.

आवाजाच्या फाइलींत हा घोळ आणखी होतो. आजीच्या जात्यावरच्या ओव्या मोबाईलवर रेकॉर्ड केल्या की बऱ्याचदा एम४ए फाइल मिळते, आत एएसी. ‘एमपी३ करून ठेव’ असं कुणी सांगतं आणि विनाकारण एक दळण होतं. सुरुवातीचं दोन मिनिटांचं बोलणं काढायचं असेल तर एवढं करा:

एफएफएमपेग -एसएस ००:०२:०० -आय ओव्या.एम४ए -सी कॉपी ओव्या-मुख्य.एम४ए

‘-एसएस’ म्हणजे कुठल्या वेळेपासून उचलायचं ते. व्हिडिओ असा कापला तर सुरुवात जवळच्या पूर्ण साठवलेल्या फ्रेमवर सरकते, कधी काही सेकंद मागे. नुसत्या आवाजाला हा त्रास जवळजवळ नाही. एएसीचा एक तुकडा सेकंदाच्या साधारण चाळिसाव्या भागाइतकाच असतो.

नवी फाइल मोबाईलवर पहिल्यापासून शेवटपर्यंत लागतेय ना, आवाज चित्राबरोबर चालतोय ना, हे पाहिल्याशिवाय कॅमेऱ्याचं कार्ड पुसू नका. आणि हार्ड डिस्कवर जागा असेल तर मूळ एमटीएस तिथं तशीच राहू द्या.